डिसॅबिलिटी पेन्शन रिजेक्ट झाली? अपील कसं लढायचं ते बघा

देवळाली कॅम्प, नाशिकरोड भागात माजी सैनिक भरपूर आणि बऱ्याच जणांचा प्रश्न तोच, मेडिकल बोर्डाने बीपी धरलं, ३० टक्के अपंगत्व लिहिलं, तरी पेन्शन का नाही? अहो नुसत्या टक्क्यांवर भागत नाही. २० किंवा जास्त तर लागतातच, पण आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीत वाढला हेही मान्य व्हावं लागतं, आणि गाडी अडते ती इथेच.

म्हणून अपील लिहायच्या आधी मेडिकल बोर्डाची पूर्ण कॉपी काढा. देत नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका (तोपखानावाल्यांचं तर इथेच आहे, नाशिकरोड कॅम्पात). त्यात बोर्डाने कारण काय दिलंय ते वाचा. "पीस स्टेशनला (म्हणजे सीमेपासून लांब, शांत ठिकाणी) असताना सुरू झाला, सबब नोकरीशी संबंध नाही" एवढंच खरडलेलं असेल तर घाबरू नका, उलट तुमची केस तिथूनच उभी राहते. धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१३ ला सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस फिट होता असंच धरायचं, नंतर बिघडलं तर ते नोकरीमुळे, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं, जवानाचं नाही.

अपिलात घरच्या अडचणींची पानंच्या पानं नकोत, त्यावर निकाल लागत नाही. भरतीला फिट होतो, आजार अमुक तारखेला पकडला, त्याआधी फिल्डला इथे इथे होतो, बोर्डाने ठोस कारण दिलेलं नाही. बस.

पहिलं अपील रिजेक्शन लेटरपासून ६ महिन्यांत, तेही फेटाळलं तर दुसरं, परत ६ महिने. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैनिकांच्या केसेसचं खास कोर्ट), आपल्याला मुंबई बेंच, म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायची. अपिलावर ६ महिने उत्तरच आलं नाही तरी ट्रिब्युनलला जाता येतं. फार वर्षं बसून राहिलात तर थकबाकी साधारण केस टाकायच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळते.

आणि अर्जात राउंडिंग मागाच! सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे ५० च्या खालचे टक्के ५० धरतात. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशोब, म्हणजे ३० वाल्याला ९ टक्के मिळणार होते तिथे १५ होतात, आयुष्यभर.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत, त्यानंतर रिटायर झालेल्यांनी मित्राच्या जुन्या अपिलाची कॉपी मारू नका, वकिलाला आधी तारीख सांगा.