डीमध्ये सगळ्यांच्या आधी पोचू नका

हॉकीत हिट कडक म्हणजे गोल ठरलेला, हे शाळेतच कुणीतरी आपल्या डोक्यात भरवतं. मग पोरं डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर चेंडू ओळीने मांडतात आणि रिकाम्या गोलात हाणत बसतात. गोलाच्या तळाच्या फळीचा धाडकन आवाज आला की बरंही वाटतं. पण असा थांबलेला चेंडू आणि एवढा निवांत वेळ मॅचमध्ये पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका) सोडला तर मिळत नाही. डीत खरं काम एका स्पर्शाचं असतं. वळवणं, ढकलणं, गोलीच्या (गोलकीपरच्या) पॅडवरून सुटलेल्या चेंडूवर पहिलं पोचणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४-३ जिंकलो, तेव्हाची आपल्या महिला संघातल्या वंदना कटारियाची हॅटट्रिक पुन्हा बघा. चेंडूकडे नको, तिच्या पायांकडे बघा.

आता तो सापळा, ज्याने माझा जवळजवळ सगळा ज्युनिअरचा काळ खाल्ला.

कडेने खेळणारा विंगर मैदानाच्या टोकाच्या बेसलाइनवरून आत शिरला की आपले पाय आपोआप जवळच्या पोस्टकडे धावतात. बचावफळीच्या पुढे जाऊन थांबू न देणारा ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकातच गेला, त्यामुळे अडवणारं कुणी नाही. तुम्ही पोचता, थांबता, स्टिक आपटून चेंडू मागता. थांबलेला फॉरवर्ड म्हणजे डिफेंडरला सुट्टीच, मान न वळवता एका हाताने चाचपून तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं. जवळचा पोस्ट गोलीने आधीच झाकलेला असतो. आणि नेमका तेव्हाच विंगर चेंडू मागे ओढून पेनल्टी स्पॉटकडे देतो, गोलरेषेपासून साधारण साडेसहा मीटरवर. तुम्ही त्या जागेवरूनच पुढे पळत आलेले असता! आता उलट्या पावलांनी मागे या म्हटलं तर तोल गेलेला, स्टिक हवेत, चेंडू पार.

म्हणून डीच्या बाहेरच रेंगाळा. विंगरची नजर खाली चेंडूवर आहे तोवर तो पास देणार नाही, त्यामुळे तोवर पळण्यात अर्थ नाही. त्याची मान वर झाली की निघा. पहिलं पाऊल खोट्या दिशेला, मग डिफेंडरच्या पाठीमागून. स्टिक पहिल्यापासून जमिनीलगत ठेवा, शेवटच्या क्षणी खाली आणायला वेळ उरत नाही. ‘अरे, उशीर झाला’ असं वाटलं तर बहुधा वेळ बरोबर साधलीय. बाकावरून ‘आत घुस, आत घुस’ ओरडा होईल. होऊ द्या. बाहेरून ओरडणाऱ्यांपेक्षा आपला गोलकीपर चांगला गुरू, हे माझं ठाम मत आहे. सराव संपल्यावर तो पॅड सोडत असताना शेजारी बसा आणि कुठला चेंडू नकोसा वाटतो ते विचारा. एवढं खरं दुसरं कुणी सांगत नाही.

ड्रॅग-फ्लिकच्या (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत आणून उचलून मारायच्या फटक्याच्या) रील बघून फॉरवर्ड होता येत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीत सिंगने १० गोल केले, स्पर्धेत सगळ्यात जास्त, आणि तो बचावपटू आहे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका हिट असेल तर चेंडू ४६ सेंटिमीटरच्या फळीच्या उंचीतच गोलरेषा ओलांडायला हवा, फ्लिकला ते बंधन नाही, म्हणून ती कला एवढी मोलाची. पण तेराव्या वर्षी रोज कंबर पिळून फ्लिक मारणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं ते फिजिओला विचारा. आधी पाय आणि कंबर तयार होऊ द्या. महागडी कार्बन स्टिकही नंतर बघू.

वेग कमी आहे म्हणून खचू नका. भारताचे वेगवान फॉरवर्ड धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीचे, मीही तिथूनच जवळचा. पाण्यात तसं काही नव्हतं. वेग नसलेल्याला वेळ साधायला शिकता येतं, आणि गोल आटले तरी तेवढं हातात राहतं. मॅचमागून मॅच कोरडी जाईल. तेव्हा आपण डीत किती वेळा योग्य जागी होतो तेवढंच मोजा, चेंडू आला की नाही ते सोडून द्या.

एकच अपवाद. निवड चाचणीत हे सगळं थोडं बाजूला ठेवा आणि जरा जास्तच पळा. डीबाहेर रेंगाळणारा फॉरवर्ड सिलेक्टरला आळशी दिसतो.