छोट्या तळ्यावर बास मासा गळाला लागत नसेल, तर या चुका टाळा

छोट्या तळ्यावरून रिकाम्या हाताने परतणारा मनुष्य बहुधा आमिषाला दोष देतो आणि पुढच्या खेपेला आणखी चार नवी आमिषे घेऊन येतो. अडचण मात्र अनेकदा त्याच्या आधीची असते. मासा आपल्या पायाशी असतानाच आपण त्याला सावध केलेले असते. मोठ्या जलाशयात बिथरलेले मासे सोडून दुसरीकडे जाता येते, छोट्या तळ्यात ती सोय नसते, त्यामुळे सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातील चूक दिवसभर भोवते. तळे लहान म्हणून मासेही लहानच असतील, हा समजही सोडावा. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातील बास, हा नदीच्या जुन्या, तुटलेल्या वळणात साचलेल्या तळ्यातला होता. त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले, आणि तीही जपानमधील सर्वांत मोठ्या, बिवा सरोवरात झाली.

पहिली चूक म्हणजे थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहणे आणि आमिष शक्य तितके लांब, तळ्याच्या मध्याकडे भिरकावणे. बास हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. लव्हाळ्याची कड, बुडालेला ओंडका, झुकलेल्या फांदीची सावली अशा ठिकाणी तो भक्ष्याची वाट पाहतो, आणि अशा जागा बहुतेक काठालगतच असतात. त्याच्या अंगावरील पार्श्वरेषा, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाणारी संवेदनशील रेषा, पाण्यातील बारीक कंपनेही टिपते, म्हणून काठावर दणदण चालणे किंवा होडीच्या तळावर डबा आपटणे हे आपण आल्याची वर्दी देण्यासारखे आहे. काठापासून चार-पाच पावले मागे थांबावे, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी बाजू निवडावी आणि पहिल्या काही फेका काठाला समांतर, जवळच्या पाण्यात कराव्यात. लांब फेकण्याचा मोह आवरणे अनुभवी माणसालाही जड जाते, हे मान्य केलेच पाहिजे.

ऊन चढल्यावर दुसरी चूक होते. काठावरचे मासे शांत झाले की गरवणारा मनुष्य तळ्यातील सर्वांत खोल जागा शोधतो, कारण उन्हात मासे खोल जातात असे त्याने ऐकलेले असते. हे अर्धेच खरे आहे. उन्हाळ्यात वाऱ्याने फारसे न ढवळणाऱ्या तळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी कोमट व हलके असते, खालचे थंड व जड असते आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पाला तेथील प्राणवायू वापरून टाकतो आणि वरून नवा प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे असा तळ थंड असूनही माशांना राहण्याजोगा उरत नाही. म्हणून भर दुपारी खोल डोहात तासन्‌तास गळ सोडून बसण्यापेक्षा दाट पाणवनस्पतींखाली, लाकडी धक्क्याच्या सावलीत किंवा उथळ पाणी एकदम खोल होते त्या उताराच्या वरच्या भागात शोध घ्यावा. वारा ज्या काठावर आदळतो तो काठही तपासावा, कारण बारीक जीव तिकडे लोटले जातात, त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लहान माशांमागे बास येतो.

आमिष ओढण्याचा वेग हा स्वतंत्र विषय आहे. बासच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते, त्यामुळे थंड पाण्यात तो मंदावतो आणि वेगाने जाणाऱ्या आमिषामागे ताकद खर्च करीत नाही. हवेत उकाडा असला तरी पाणी अजून गार असू शकते. हवेवरून अंदाज न बांधता पाण्यात हात घालून पाहावा. दाट वनस्पतींत उघडे, तीन टोकांचे गळ टाकून दर फेकीला शेवाळ काढीत बसण्यापेक्षा मऊ प्लास्टिकचा किडा घ्यावा आणि गळाचे टोक त्याच्या अंगातच लपवावे. त्यालाच टेक्सस रिग म्हणतात.

मासा लागूनही सुटत असेल, तर कारण बहुधा हातात किंवा गाठीत असते. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषावर झडप पडून पाणी उसळताच हिसका दिला, तर आमिष माशाच्या तोंडातून निघून येते. रॉडवर वजन जाणवेपर्यंत क्षणभर थांबावे. याउलट लपवलेल्या टोकाच्या गळाला जोरदार हिसका लागतो, कारण टोकाला आधी प्लास्टिकमधून आणि मग जबड्यातून जायचे असते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ ओढताना घर्षणाच्या उष्णतेने तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कमकुवत होतो, आणि ते मोठा मासा लागल्यावरच कळते. ओंडक्यावर घासलेला तंगूस बोटांनी चाचपून पाहावा, खरखरीत लागला तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधावी. रिळाचा ड्रॅग, म्हणजे माशाने जोर लावल्यावर तंगूस सुटू देणारा ब्रेक, पूर्ण आवळून ठेवू नये.

मासा परत सोडायचा असेल, तर हात ओले करूनच त्याला धरावे, नाहीतर त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. जड माशाला नुसत्या जबड्याला धरून आडवे तिरके वाकवल्यास जबड्याला इजा होते. दुसरा हात पोटाखाली द्यावा. पाणी सुमारे १५ ते २० अंश सेल्सिअस असताना, विणीच्या काळात, नर उथळ पाण्यातील घरट्याची राखण करीत असतो. त्याला दूर नेले की लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात, म्हणून तो गळाला लागल्यास आहे तिथेच लगेच सोडावा. पकडण्याच्या संख्येचे आणि लांबीचे नियम तळ्यातळ्यागणिक वेगळे असतात, ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवावेत.

शेवटची चूक घाईने सामान आवरण्याची आहे. सकाळी ज्या काठावर आपण सुरुवात केली तो एव्हाना कित्येक तास शांत राहिलेला असतो, आणि ऊन उतरल्यावर बास पुन्हा तेथील उथळ पाण्यात येतो. त्यामुळे दिवसातील शेवटचा तास त्या काठासाठी राखून ठेवावा आणि सकाळी टाळायच्या होत्या त्या चुका तेथे पुन्हा न करता, चार पावले मागूनच, तरंगते आमिष हलकेच टाकावे.