ऑलिव्हला जोडीदार निवडताना

मे सरला की इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या, आमच्या ओळखीतून ऑलिव्हबद्दल फोन सुरू होतात. "काका, मोहोर धो-धो आला, सेटिंग, म्हणजे फळधारणा, मात्र शून्य." मी आधी जात विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच: एक मॅन्झनिलो, एक मिशन. दोन झाडं आहेत, म्हणजे जोडी झाली असा समज. पण या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर पडला तरी फळ जवळजवळ धरतच नाही.

तरी लगेच जोडीदाराच्या मागे लागू नका, आधी फूल बघा. भिंग घ्या. चार पांढऱ्या पाकळ्या, दोन पिवळे परागकोश आणि मधोमध टपोरा हिरवा स्त्रीकेसर दिसला तर फूल पूर्ण. मधे काहीच नसेल किंवा बारीक करपलेला ठिपका असेल तर ते नर फूल, त्याला फळ येणारच नाही. कोकणातल्या माणसाला हे नवं नाही, आंब्याच्या मोहोरातही नर फुलं असतातच. नर फुलांचाच भरणा असेल तर दोष बहुधा पाण्याचा किंवा नत्राचा; कळ्या तयार होत असताना झाडाला ताण बसलेला असतो. पूर्ण फुलांपैकी शेकडा एक-दोन टिकली तरी झाड लगडतं, त्यामुळे गळ बघून घाबरू नका.

फुलं पूर्ण आहेत, पण घोसात वाटाण्याएवढी, नीट बी न धरलेली फळं लटकतात? मग परागाचा प्रश्न आहे. मॅन्झनिलोचा स्वतःचा पराग उन्हाच्या तडाख्यात फुलात हळू सरकतो, बीजांडापर्यंत वेळेत पोचत नाही. योग्य परक्या जातीचा पोचतो.

मॅन्झनिलोसाठी मी डोळे मिटून सेव्हियानो सुचवतो. आस्कोलानो किंवा बारूनीही चालते. जागा एकाच झाडापुरती असेल तर आर्बेकिना लावा, ती एकटीही बरंच धरते. शेजारच्या स्वान हिलवर मात्र भिस्त ठेवू नका. ती जात शोभेची, तिचा पराग जवळजवळ कामाचाच नाही.

जोडी जमते का हे कुणाच्या शब्दावर सोडू नका, स्वतःच्या झाडावर बघा. कळ्या पांढऱ्या झाल्या पण उमलल्या नाहीत, तेव्हा चार-सहा डहाळ्यांवर कागदी पिशव्या बांधा. प्लॅस्टिक नको, आत फुलं उकडतात. दुसऱ्या जातीची उमलू लागलेली डहाळी घरात पाण्यात ठेवा, खाली कागद अंथरा. सकाळी कागदावर पिवळी भुकटी पडलेली असते. मऊ ब्रशने ती निम्म्या पिशव्यांत झाडा, दोन दिवसांनी पुन्हा. उरलेल्या पिशव्यांना हात लावू नका. पाकळ्या गळल्या की पिशव्या काढा, महिन्याभराने फळं मोजा. तुलना पिशवीची पिशवीशीच करायची, उघड्या फांदीशी नाही, कारण पिशवीत उष्णता जास्त असते. परागवाल्या डहाळ्यांवर स्पष्टपणे जास्त फळं दिसली तर जोडी पक्की.

आता जागा. ऑलिव्हचा पराग मुख्यतः वारा नेतो, मधमाश्या फक्त थोडाफार हातभार लावतात. आमच्याकडे संध्याकाळी डेल्टाचा, म्हणजे नदीच्या त्रिभुज प्रदेशाकडचा, गार वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जोडीदार त्या अंगाला लावतो. बागेत अंतर साठ मीटरच्या आत ठेवतात. परसात जितकं जवळ तितकं बरं. उत्तरेचा कोरडा गरम वारा ऐन मोहोरात सुटला तर जोडीदार असूनही सेटिंग कमी होतं, त्याला इलाज नाही. आणि दोन्ही जातींचा बहर एकाच वेळी यायला हवा, नाहीतर सगळी खटपट फुकट.

नवीन झाडाला जागाच नसेल तर सेव्हियानोची एखादी फांदी मॅन्झनिलोवरच कलम करा. दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, आणि छाटणीला माणूस लावलात तर त्या फांदीला आधी रंगाची खूण करून ठेवा.