या चुका टाळा : बेळगाव परिसराचा लष्करी आणि आरमारी इतिहास सांगताना होणाऱ्या गफलती

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांत सैन्याच्या इतिहासाची आवड घरोघरी आढळते. मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटचे मराठा सेंटर शहरातच आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे केंद्र आहे, कारवारचा नौदल तळ घाटाखाली काही तासांच्या अंतरावर आहे, आणि सैन्यात कोणीच नसलेले गाव या पट्ट्यात शोधावे लागेल. त्यामुळे गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषा असो, शिवजयंतीचे व्याख्यान असो किंवा मोबाईलवर फिरणारा मजकूर असो, पलटणी, जहाजे आणि लढाया यांची माहिती हौसेने सांगितली जाते. ती सांगताना होणाऱ्या चुका बहुतेक वेळा अज्ञानातून होत नाहीत. सांगणाऱ्याला नाव बरोबर माहीत असते आणि वर्षही बरोबर माहीत असते, पण ते नाव दुसऱ्याच माणसाचे, दुसऱ्याच जहाजाचे किंवा दुसऱ्याच मोहिमेचे असते. पुढील बहुतेक उदाहरणांत घोटाळ्याचे मूळ हेच आहे.

सर्वाधिक गफलती कित्तूरच्या लढ्याविषयी आढळतात. पहिली चूक अशी की, कित्तूरचा दत्तक नामंजूर करण्याचे खापर लॉर्ड डलहौसीवर फोडले जाते. कित्तूरचे शेवटचे देसाई शिवलिंगरुद्र यांचा मृत्यू सप्टेंबर १८२४ मध्ये झाला, त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि त्यातून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली. डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला तो १८४८ मध्ये, म्हणजे तब्बल चोवीस वर्षांनी. सातारा, झाशी आणि नागपूर यांची प्रकरणे शाळेत एकत्र शिकवली जातात आणि कित्तूर नकळत त्या यादीत जाऊन बसते. दत्तक नाकारण्याचे धोरण डलहौसीने पुढे कठोरपणे आणि सरसकट राबवले हे खरे आहे, परंतु कित्तूरच्या वेळी निर्णय घेणारी माणसे निराळी होती: धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे, दख्खनचा कमिशनर चॅप्लिन आणि मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापुढे मारला गेला. डिसेंबरच्या आरंभी इंग्रजांनी मोठी फौज आणून किल्ला घेतला आणि त्या चकमकीत मन्रो नावाचा एक अधिकारी ठार झाला. हे वाचले की अनेकांना १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला जिंकणारा मन्रो आठवतो आणि बेळगाव जिंकणाऱ्या मन्रोला कित्तूरने धूळ चारली असे वाक्य तयार होते. वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण खोटे आहे. बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये ताब्यात घेणारा थॉमस मन्रो १८२४ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होता आणि तो १८२७ मध्ये पटकीने वारला. कित्तूरला मेलेला मन्रो हा सोलापूरचा सबकलेक्टर आणि थॉमस मन्रोचा पुतण्या होता. थॅकरेच्या बाबतीतही असेच घडते. इंग्रज कादंबरीकार थॅकरे हा कित्तूरला मेलेल्या कलेक्टरचा पुतण्या. काही मजकुरांत मात्र काका आणि पुतण्या यांना एकच माणूस करून टाकलेले असते. यावर उपाय सोपा आहे. आडनाव आले की त्याच्यासोबत त्या वर्षीचा हुद्दा आणि मृत्यूचे वर्ष या दोन गोष्टी लिहाव्यात, कारण १८२४ मध्ये मेलेल्या माणसाला १८२७ मध्ये पुन्हा मरता येत नाही.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा अंत बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत झाला आणि त्यांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी देण्यात आली. या दोन स्थळांची अदलाबदल प्रश्नपत्रिकांत वारंवार आढळते, म्हणून केवळ उल्लेख करून पुढे जातो.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणींची मोजणी हे आपल्याकडील अभ्यासकांचे आवडते क्षेत्र आहे आणि पाय घसरण्याची जागाही तीच आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या स्वतंत्र पलटणी एका रेजिमेंटखाली आणल्या गेल्या आणि त्या रेजिमेंटलाच पाचवा क्रमांक मिळाला. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदपत्रांत ३/५ असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण असा घ्यावा. अनेक जण हा आकडा उलटा वाचतात आणि पाचव्या पलटणीला दुसऱ्याच पलटणीचे पराक्रम बहाल करतात. जुने क्रमांक लक्षात ठेवायचे असतील तर १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी. ११४ क्रमांकाची पलटण दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण झाली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणींची माहिती पुढच्या काळाशी जोडताना हा तक्ता हाताशी असावा लागतो.

यातच काळी पाचवी येते. नावात पाचवी असल्यामुळे ही रेजिमेंटची पाचवी पलटण असणार असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात काळी पाचवी ही दुसरी पलटण आहे आणि तिच्या नावातील आकडा मुंबई सैन्यातील जुन्या क्रमांकाचा आहे. जंगी पलटण म्हणजे पहिली पलटण, याविषयी मात्र सहसा गोंधळ होत नाही.

तिसऱ्या पलटणीची गोष्ट सांगताना अनेकांची कथा मध्येच तुटते, आणि माझ्या मते हा या विषयातील सर्वांत रंजक धागा असल्यामुळे त्यावर थोडे थांबले पाहिजे. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत लढलेली ही पलटण पुढे इटलीत गेली. १० जुलै १९४४ रोजी तिच्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून ते जिंकले आणि तेथेच देह ठेवला; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. स्वातंत्र्यानंतर या पलटणीचे काय झाले असे विचारले, तर बहुतेक उत्तरे चुकतात, कारण उत्तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत सापडत नाही. ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालातील टांगाईलजवळ विमानांतून उतरलेली पलटण हीच होय. एखाद्या पलटणीचा माग काढताना तिचे सध्याचे नाव, १९२२ नंतरचे नाव आणि त्यापूर्वीचा क्रमांक अशा तीन नोंदी एकाच ओळीत ठेवल्या, तर धागा तुटत नाही.

घाडगे यांच्या निमित्ताने आणखी एक दुरुस्ती. घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजवणारे शिपाई नामदेव जाधव यांना परमवीर चक्र मिळाले असे लिहिले जाते. परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू झाले, त्यामुळे इटलीतील युद्धासाठी ते मिळणे शक्यच नव्हते. उलट दिशेची चूक राम राघोबा राणे यांच्या बाबतीत होते. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राणे आडनावावरून मराठा लाइट इन्फंट्रीचे समजले जातात. ते सैन्याच्या इंजिनिअर्स दलाचे अधिकारी होते आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले.

डिसेंबर १९६१ मधील गोव्याच्या मुक्तीत बेळगावचा वाटा मोठा होता, पण तो सांगताना दोन प्रकारची अतिशयोक्ती होते. मराठा सेंटरच्या जवानांनीच गोवा घेतला ही एक, आणि सगळे सैन्य एकाच घाटाने उतरले ही दुसरी. मोहिमेची सूत्रे मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ व्या इन्फंट्री डिव्हिजनकडे होती आणि जमवाजमव बेळगाव परिसरात झाली. त्यांच्याबरोबर ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड होती, जी उत्तरेकडून आत शिरली. पूर्वेकडून अनमोडमार्गे ६३ वी ब्रिगेड उतरली. हवाई दलाने पुणे आणि सांबरा येथील तळ वापरले. पॅराशूट ब्रिगेडमध्ये वर सांगितलेली दुसरी पॅरा होती, म्हणजे इटलीत लढलेली मराठा पलटण गोव्यातही गेली, मात्र नवी ओळख घेऊन.

या मोहिमेचे नाव ऑपरेशन विजय. १९९९ च्या कारगिल मोहिमेचे नावही ऑपरेशन विजयच. ऑपरेशन विजय कोणत्या वर्षी झाले, हा प्रश्न त्यामुळे मुळातच सदोष आहे, आणि तरीही तो दरवर्षी विचारला जातो. प्रश्न रचणाऱ्याने मोहिमेच्या नावाबरोबर प्रदेश लिहावा, म्हणजे गोव्याच्या लढाईत सफेद सागर घुसत नाही. ते नाव कारगिलमधील हवाई दलाच्या कारवाईचे आहे.

जहाजांच्या नावांत हाच दोष अनेक पटींनी वाढतो, कारण नौदलात निवृत्त जहाजाचे नाव नव्या जहाजाला देण्याची परंपरा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरील कारवाईत त्रिशूल आणि म्हैसूर ही जहाजे होती. ती म्हैसूर म्हणजे ब्रिटिश नौदलाची जुनी नायजेरिया ही क्रूझर होती आणि १९५७ मध्ये ती आपल्याकडे आली. अंजदीवच्या लेखाखाली अनेकदा छापले जाणारे छायाचित्र मात्र १९९९ मध्ये दाखल झालेल्या म्हैसूर या विनाशिकेचे असते. गोव्यात पोर्तुगीज जहाज आफोंसो दि आल्बुकेर्कवर तोफा डागणाऱ्या बेतवा आणि बियास यांचीही नावे पुढे नव्या जहाजांना मिळाली. १९७१ च्या युद्धातील विमानवाहू विक्रांत १९६१ मध्ये दाखल झाली आणि १९९७ मध्ये निवृत्त झाली; कोचीत बांधलेली विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. छायाचित्र वापरण्यापूर्वी जहाजाच्या कुशीवर रंगवलेला क्रमांक वाचावा. बहुतेक वेळा तेवढ्याने निकाल लागतो.

कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर जतन केलेली चपळ ही क्षेपणास्त्र नौका पाहायला आपल्या भागातून शाळांच्या सहली जातात, आणि या नौकेने १९७१ मध्ये कराचीवर हल्ला केला असे मुलांना सांगितले जाते. ती नौदलात आली १९७६ मध्ये. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या नौका निपात, निर्घात आणि वीर या होत्या, आणि चार दिवसांनी झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात विनाश होती. चपळ त्याच कुळातील, पण नंतरच्या पिढीची.

नावाआधी आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) दिसले की ते पाण्यावर तरंगणारे जहाजच असेल, असे समजणे हीदेखील सार्वत्रिक चूक आहे. आयएनएस शिवाजी हे लोणावळ्यातील अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे, आयएनएस आंग्रे मुंबईत जमिनीवर आहे, आयएनएस हंसा हा दाबोळीचा विमानतळ आहे आणि आयएनएस कदंब म्हणजे कारवारचा तळ. मराठा आरमाराच्या आंग्रे घराण्याविषयी एवढेच की, १७५६ मध्ये विजयदुर्गावर हरलेले आंग्रे तुळाजी होते; कान्होजी १७२९ मध्येच वारले होते, आणि त्या लढाईत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते हे सोयीस्करपणे गाळले जाते.

जहाजाचा वेग नॉटमध्ये देताना त्यापुढे प्रति तास असे लिहू नये, कारण एक नॉट म्हणजेच ताशी १.८५२ किलोमीटर. रात्रीच्या लढाईची तारीख ४ आणि ५ डिसेंबरमधील रात्र अशी लिहावी, नाहीतर दोन्ही तारखा बरोबर असूनही वाद होतात. गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ कशामुळे बुडाली, याविषयी भारतीय आणि पाकिस्तानी बाजूंचे म्हणणे आजही वेगळे आहे. राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या डेप्थ चार्ज स्फोटकांमुळे असे भारतीय बाजू मानते आणि पाणबुडीतील किंवा तिनेच पेरलेल्या सुरुंगांच्या स्फोटामुळे असे पाकिस्तानी बाजू मानते. स्पर्धेत प्रश्न घ्यायचाच असेल, तर ती कोठे बुडाली एवढेच विचारावे आणि कारणाला गुण ठेवू नयेत.