बेत मिद्राशमध्ये पहिल्यांदा शिकवायला जाताना

बेत मिद्राश म्हणजे ज्यू समाजाचं अध्ययनघर. तिथे तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकणं आणि शिकवणं ही उपासनाच मानली जाते, म्हणून नव्या शिक्षकाने तयारीला दारापासूनच सुरुवात करावी. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नेहुन्या बेन हकाना आत शिरताना एक छोटी प्रार्थना म्हणत आणि बाहेर पडताना दुसरी, असं मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा प्राचीन संग्रह, सांगते. पहिलीचा आशय तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, येतो: माझ्या हातून काही वावगं घडू नये, माझ्या चुकीचा सोबत्यांना आनंद होऊ नये आणि त्यांच्या चुकीचा मला होऊ नये. यातलं शेवटचं मागणं शिक्षकाला सगळ्यात जड जातं. विद्यार्थी चुकला की आपलं ज्ञान दाखवायची आयती संधी मिळते, आणि ती सोडून द्यायला रोज शिकावं लागतं.

दीड तासाच्या वर्गाला सहा ते आठ पासुक, म्हणजे वचनं, पुरे होतात. नवखे शिक्षक हमखास वीस घेतात आणि मग शेवटची बारा घाईघाईत उरकतात. कागद एकच ठेवा. हिब्रू मोठ्या अक्षरांत, स्वरचिन्हांसह छापा आणि भाषांतर खाली द्या. शेजारी दिलं तर नजर तिकडेच पळते आणि मूळ शब्द वाचलाच जात नाही. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतल्या मुलांकडून शब्दाचा अर्थ आधी मराठीत तोंडी काढून घ्या. पुण्यात 1874 साली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, म्हणजे हे दोन भाषांतलं वाचन आपल्याकडे जुनंच आहे. कागदावर हिब्रूत देवाचं नाव असेल तर तो कचऱ्यात जात नाही. वर्ग संपल्यावर असे कागद गोळा करून गेनिझासाठी, म्हणजे जुने पवित्र कागद जपण्याच्या जागेसाठी, वेगळे ठेवा. हे मुलांच्या हातून करवून घेतलंत तर आदर वेगळा शिकवावा लागत नाही.

सुरुवातीची दहा मिनिटं मोठ्याने वाचन, मग चाळीस मिनिटं हाव्रुता, म्हणजे दोघादोघांनी समोरासमोर बसून वाचायचं आणि वाद घालायचा. तिघांचा गट टाळा, कारण त्यात एक जण हळूहळू श्रोता होऊन बसतो. विद्यार्थ्यांची संख्या विषम असेल तर तिसऱ्याला वाचकाचं काम नेमून द्या. हिब्रू सफाईने वाचणाऱ्याला अगदी नवख्याबरोबर बसवलं की तो सोबती न राहता शिकवणीवाला होतो. जोड्या शक्यतो जवळच्या पातळीच्या करा आणि तीन-चार आठवडे मोडू नका.

प्रश्न असा द्या की उत्तरासाठी ओळीतच परत जावं लागेल. उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात अब्राहाम इसहाकला घेऊन डोंगराकडे निघतो. 6व्या वचनाच्या शेवटी येतं, ‘दोघे मिळून चालत गेले.’ 8व्याच्या शेवटी पुन्हा तेच शब्द. मधे इसहाक विचारतो: विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठे आहे? जोड्यांना एवढंच विचारा की दुसऱ्यांदा ‘मिळून’ म्हणताना काय बदललेलं आहे. मध्ययुगीन फ्रान्समधला तोराचा भाष्यकार राशी म्हणतो, आधी इसहाकला ठाऊक नव्हतं. नंतर त्याला उमगलं, तरी तो त्याच मनाने चालत राहिला. राशीचं हे भाष्य पहिली तीस मिनिटं खिशातच ठेवा. आधी वाटलंत की सगळे त्याचंच म्हणणं घोकतात. उशिरा दिलंत, तर ज्यांना ते आपणहून सुचलेलं असतं त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तोंड उघडावंसं वाटेल, तिथे थांबणं हीच साधना. गॅलिलीतल्या सफेद गावचा सोळाव्या शतकातला गूढवादी इसहाक लुरिया याच्या शिकवणीत त्सिमत्सुम येतं: जग निर्माण व्हायला जागा मिळावी म्हणून अनंताने स्वतःला आकसून घेतलं. शिक्षकाचं गप्प राहणं त्याच जातीचं आहे, असं आम्ही मानतो. मात्र गप्प राहणं म्हणजे खुर्चीत बसून राहणं नव्हे. फिरत राहा, प्रत्येक जोडीपाशी दोन मिनिटं ऐका, आणि अर्थ उलटाच लागलेला दिसला तर फक्त त्या शब्दावर बोट ठेवा.

तरीही एखाद्याला उमजत नाही. तालमुदात रब्बी परेदाचा एक शिष्य आहे, ज्याला प्रत्येक पाठ चारशे वेळा सांगावा लागे. एके दिवशी चारशे वेळा सांगूनही कळेना. कारण विचारल्यावर तो म्हणाला, तुम्हाला एका कामासाठी बोलावणं आलंय हे ऐकलं, तेव्हापासून वाटत राहिलं की तुम्ही आता उठाल, आता उठाल. परेदाने त्याला बसवून आणखी चारशे वेळा सांगितलं. घड्याळाकडे गेलेली तुमची नजर विद्यार्थी तेव्हाच टिपतो. फोन दाराबाहेर ठेवा आणि वर्गानंतरचा अर्धा तास कुणालाही देऊ नका.

मिनयान, म्हणजे दहा जण, जमलेले असतील तर शेवटी कद्दीश दे-रब्बानान ही अध्ययनानंतरची स्तुतिप्रार्थना म्हणतात. त्यात गुरू, त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य यांच्यासाठी मागणं असतं. सगळे गेल्यावर खुर्च्या लावायच्या आधी वहीत प्रत्येक जोडीपुढे एक ओळ लिहा: आज कोणता शब्द त्यांना अडला. पुढच्या आठवड्याचा पाठ त्या ओळींतूनच निवडा. मग नेहुन्याची दुसरी प्रार्थना म्हणा, बेत मिद्राशमध्ये बसणाऱ्यांत आपला वाटा ठेवल्याबद्दल आभार मानणारी, आणि दिवा मालवा.