पान किती तास ओलं राहिलं? करप्या-तांबेऱ्याचा अंदाज असा बांधा

पाऊस किती मिलिमीटर झाला हे आपण आवर्जून टिपतो, पण पान किती तास ओलं होतं हे क्वचितच कोणी लिहून ठेवतं. करपा-तांबेऱ्यासारखे पानांचे रोग आणणाऱ्या बुरशीला मतलब असतो तो या दुसऱ्या आकड्याशी. पानावर पडलेल्या बीजाणूला (बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म कणाला) रुजून आत शिरायला सलग ओल लागते. मध्येच पान वाळलं, तर रुजलेले बरेचसे बीजाणू तिथेच मरतात.

म्हणून आधी ओल मोजा. उजाडताच शेतात जा आणि झाडाच्या आतली, खालची पानं तपासा. वरच्या पानांवर जाऊ नका, ती लवकर वाळतात आणि फसवतात. टिश्यू पेपर पानाला टेकवला की बारीक दवही उमटतं. रात्री दव कधी धरलं (यासाठी एक-दोनदा बॅटरी घेऊन जावंच लागतं) आणि सकाळी पान कधी सुकलं, दोन्ही वेळा वहीत लिहा.

शेजारी तापमान लिहा, कारण नुसत्या ओलीवरून काही ठरत नाही. गव्हाच्या पानांवरच्या नारिंगी तांबेऱ्याला 15 ते 22 अंश सेल्सिअसला सहा-आठ तासांचं दव पुरतं. पिवळ्या तांबेऱ्याला त्याहून गारवा लागतो. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं वापरलेला ठोकताळा असा: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी निदान 11 तास आर्द्रता 90 टक्के किंवा जास्त. (काटेकोर बोलायचं तर हा जीव खरी बुरशी नव्हेच, पण ओलीला तसाच हपापलेला.)

भुरीला (पानावर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीला) मात्र हा हिशोब लावू नका. तिला पानावर पाणी नकोच असतं, दमट हवा आणि सावली पुरते. जोराचा पाऊस उलट तिला धुऊन काढतो.

आता ओलीचे तास कमी करा. तुषार सिंचन संध्याकाळी नको. पहाटे दव असतानाच चालवलं, तर ओलीत फारशी भर पडत नाही. लागवड दाट ठेवू नका. युरियाचा हातही आखडता घ्या, पाला माजला की आत वारा फिरत नाही.

डाग दिसतात ते बहुधा आठवडाभरापूर्वीच्या लागणीचे. स्पर्शजन्य (पानात न शिरता वरच राहणारं) बुरशीनाशक तेव्हा मारून त्या पानांना उपयोग नाही, ते ओल धरण्याआधी पानावर हवं. लांबलेल्या ओलीची रात्र वहीत गोल करून ठेवा आणि पाचव्या दिवसापासून खालची पानं रोज उलटून बघा.