इतिहासाच्या तासाला बातमीपत्र करताय? या चुका टाळा

सहावीच्या पुस्तकात प्राचीन भारत आला की कुठल्या ना कुठल्या वर्गात फर्मान निघतं: गट करा, धड्यावर बातमीपत्र तयार करा, मोबाइलवर शूट करून आणा. कल्पना चांगलीच आहे. बिघडते ती अशी, की बातमीपत्र म्हणता म्हणता स्नेहसंमेलनातली नाटुकली होऊन बसते. नाटुकलीत संवाद झाले, टाळ्या पडल्या की भागतं. बातमीला मात्र कुणीतरी विचारावं लागतं, "हे तुला कुठून कळलं?" खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

अख्ख्या घराण्याची बातमी

"सातवाहन राजवटीवर बातमीपत्र" असा विषय दिला की मुलं धडाच वाचून दाखवतात, फक्त टेबलामागे बसून. बातमी एका घटनेची असते. नाशिकजवळ जोगळटेंभी इथं 1906 साली 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप म्हणवणाऱ्या शक राजाची, नहपानाची, पण त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकून घेतलेली. खाली नहपानाचा चेहरा, त्यावर सातवाहनांचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (टोकांना गोल असलेली फुली). ही झाली बातमी! जुनं नाणं चालणार का? टाकसाळीत कुणाला काम लागलं? नोटाबंदीच्या आठवणी घरात असतातच, त्यामुळे प्रश्न मुलंच काढतात. शिक्षकांनी फक्त एवढं सांगायचं, की नाणी हा पुरावा आहे आणि बाजारातली तारांबळ ही आपली कल्पना.

"नमस्कार, आज इसवी सन पूर्व 261..."

ही चूक जवळजवळ हमखास होते. येशूचा जन्म व्हायचाय हे निवेदिकेला आधीच कसं कळलं? वर्गात हा प्रश्न टाकून बघा, हशा पिकतो आणि कालगणनेचा धडा फुकटात होतो.

मग तारीख सांगायची कशी? ती तयार मिळते. नाशिकच्या लेण्यांमधला गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख सुरूच होतो तो असा: राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं 19वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, 13वा दिवस. निवेदकाच्या तोंडी हे वाक्य जसंच्या तसं घाला. अशोकाच्या शिलालेखातही काळ राज्याभिषेकापासून मोजलेला आहे. आपलं सनाचं वर्ष हवंच असेल, तर खाली सरकणाऱ्या पट्टीवर द्या. ती पट्टी आजच्या प्रेक्षकासाठी आहे, निवेदकासाठी नाही. याच न्यायानं "पुढे जगप्रसिद्ध होणारे सम्राट" असली वाक्यंही गाळा. पुढचं त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

मुलाखतीत राजा सिनेमातलं बोलतो

कलिंगच्या रणांगणावर गुडघे टेकून रडणारा अशोक प्रत्येक वर्गात असतो. रडू द्या, पण त्याचे स्वतःचे शब्द उपलब्ध असताना मुलांनी लिहिलेलं भाषण त्याच्या तोंडी का? तेराव्या शिलालेखात तो आकडे देतो: दीड लाख माणसं हलवली गेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. पश्चात्तापही त्यातच आहे.

आणि खरी बातमी पुढे आहे. हा तेरावा लेख कलिंगमध्ये, म्हणजे आजच्या ओडिशातल्या धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. तिथं त्याऐवजी वेगळे आदेश आहेत, "सगळी माणसं माझी लेकरं आहेत" असं सांगणारे. ज्यांच्यावर युद्ध लादलं त्यांच्याच प्रदेशात पश्चात्ताप का नाही लिहिला? वार्ताहरानं माइक पुढे करून हाच प्रश्न विचारायचा. राजाकडून उत्तर येणार नाही, कारण उत्तराचा पुरावा नाही. तिथं मुलीनं कॅमेऱ्याकडे वळून "याबद्दल दरबारातून खुलासा मिळालेला नाही" म्हणावं. मला विचाराल तर अख्ख्या बातमीपत्रातलं सगळ्यात पत्रकारितेचं वाक्य तेच.

यासाठी एक साधा उपाय: कोपऱ्यात दोन रंगांच्या पट्ट्या. लेख, नाणं, उत्खनन यातून आलेलं बोलणं चालू असेल तेव्हा हिरवी, मुलांची कल्पना असेल तेव्हा पिवळी. व्हिडिओ जोडण्याचं बिनपैशाचं कुठलंही अ‍ॅप हे करतं. नाहीतर गटातल्या एकानं चौकटीत रंगीत कार्डशीट धरावं. पिवळं जास्त झालं तर चूक नाही. पिवळं हिरवं म्हणून खपवणं ही चूक.

एकाच बाजूचा माइक

गौतमी बलश्रीचा लेख म्हणजे आईनं केलेली मुलाची स्तुती. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. बातमीदार एवढ्यावर थांबला तर तो भाटच. गंमत म्हणजे विरुद्ध पक्ष त्याच डोंगरात बसलाय: नहपानाचा जावई उषवदात याचे लेखही नाशिकच्याच लेण्यांत आहेत, आणि तो तीन लाख गायी दान दिल्याचं सांगतो. वर्गाचे दोन गट करा, दोन वाहिन्या काढा, दोघांना एकाच दिवसाची बातमी द्या. गायी कुणी मोजल्या, हे मुलं आपणहून विचारतात.

शनिवारवाड्यासमोर सातवाहन

पुण्यात पार्श्वभूमीला काही कमी नाही, आणि घोळ तिथंच होतो. शनिवारवाडा 1732चा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर 'जुनं लेणं' म्हणून बरं वाटतं, पण ते आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं. सातवाहनांचा वार्ताहर तिथं उभा केला तर त्याला पाचशेहून जास्त वर्षं पुढे नेऊन ठेवल्यासारखं होतं. राष्ट्रकूटांची बातमी करायची असेल तर मात्र खुशाल जा, गोल नंदीमंडप चौकटीत फार छान दिसतो. स्मारक संरक्षित आहे, ट्रायपॉड लावायचा तर परवानगीची चौकशी आधी करा.

सातवाहन काळ हवा असेल तर लोणावळा लोकलनं मळवलीला उतरा. भाजे एका बाजूला, कार्ले दुसऱ्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात बातमी भिंतीवरच आहे: वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे बडा व्यापारी, भूतपाल सांगतो, की हे शैलगृह त्यानं पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे. खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन (म्हणजे ग्रीक) दात्यांची नावं आहेत. एकवीरा देवीचं देऊळ शेजारीच, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि भोंगे. शक्यतो मधल्या वारी जा. आत आवाज घुमतो म्हणून आत फक्त दृश्यं घ्या, निवेदन नंतर शांत खोलीत ध्वनिमुद्रित करून जोडा.

पोशाखाचंही तेच. भाड्यानं आणलेला जरीचा अंगरखा आणि पुणेरी पगडी घातलेला सातकर्णी, हे बघवत नाही. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दांपत्यं कोरलेली आहेत. नेसणं, डोक्याचं बांधणं, पायातले जाड वाळे, सगळं तिथं बघून ठरवा. घरातलं साधं धोतर आणि ओढणी पुरते, आईबाबांच्या ग्रुपवर रात्री अकराला धावपळ होत नाही.

तांत्रिक कुरबुरी

थोडक्यात. आवाज येत नसेल तर आधी पंखा बंद करा, मग इयरफोनचा माइक कॉलरला लावा. मोबाइल आडवा. निवेदक कागदात डोकं खुपसत असेल तर मोठ्या अक्षरातला मजकूर कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी धरा. तीन मिनिटांच्या बातमीला साडेतीनशे शब्द खूप झाले. स्क्रिप्ट एआयकडून लिहून आणल्याची शंका आली तर रागावू नका, प्रत्येक वाक्याला हिरवी की पिवळी पट्टी ते विचारा.

आणि गुण. पोशाखाला दहा आणि पुराव्याला दोन ठेवलेत तर मुलं पोशाखच करणार. गटात एक जण 'पडताळणी संपादक' नेमा, त्याच्या सहीशिवाय स्क्रिप्ट पुढे जाणार नाही. बडबड्या मुलाला निवेदक आणि शांत मुलीला पडदा धरायला, ही वाटणी तिथंच मोडते.

लिहिलेलंच काही नसेल तर

इनामगावच्या विषयाला गट घाबरतात. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायच्या काळातलं) गाव डेक्कन कॉलेजनं खणलं. राजाचं नाव नाही, लिपी नाही, मुलाखतीला कुणी नाही. पण मोठ्या माणसांना पुरताना पावलं घोट्याखाली तोडलेली सापडली, आणि एक जण चार पायांच्या मातीच्या कुंभात बसवून पुरलेला. इथं मुलाखत घेऊच नका. वार्ताहर उत्खननाच्या खड्ड्याशी उभा आहे असं ठेवा: काय दिसतं ते तो सांगेल, अभ्यासकांचा अंदाज 'अंदाज' म्हणून सांगेल, आणि पावलं का तोडली याचं ठाम उत्तर देणार नाही. पट्टी बहुतेक वेळ हिरवी राहते. हुशार गटाला मुद्दाम हाच विषय द्या.